हॅश टेबल वेगवान असतं, पण कुणाच्या भरवशावर?

डेटा स्ट्रक्चरच्या ओरल्सला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे हॅश टेबलमध्ये, म्हणजे नावावरून नोंद झटकन काढून देणाऱ्या रचनेत, एखादी ‘की’ (नोंद ज्या नावाने ठेवली ते नाव) शोधायला किती वेळ लागतो. उत्तर सगळ्यांना पाठ असतं: ओ ऑफ वन. टेबलात शंभर नोंदी असोत की एक कोटी, शोधायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. परीक्षक खोलात जाणारे असतील तर पुढे विचारतात, ‘सरासरी, की वाईटात वाईट?’ मग विद्यार्थी सांगतो की सरासरी ओ ऑफ वन, वाईटात वाईट ओ ऑफ एन, म्हणजे जितक्या नोंदी तितका वेळ, पण तशी वेळ सहसा येत नाही.

सगळी गोम या ‘सहसा’मध्ये आहे. टेबलात येणारा डेटा कुणी मुद्दाम निवडून पाठवत नसेल, तरच ते वाक्य खरं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरला ही सवलत नसते. तिथे डेटा पाठवणारा अनोळखी असतो आणि काय पाठवायचं ते तोच ठरवतो. त्याने मनावर घेतलं तर ती वाईटात वाईट वेळ तो दर सेकंदाला आणू शकतो. या प्रकारच्या दुबळेपणाबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं, कारण इथे कोडच्या कुठल्याच ओळीवर बोट ठेवता येत नाही. लॉजिक बरोबर असतं, टेस्ट पास झालेल्या असतात, शेवटी उत्तरही बरोबर येतं. फक्त ते यायला काही मिनिटं लागतात आणि तोवर तो सर्व्हर बाकी कुणालाच दाद देत नाही.

हॅश टेबलचं काम पोस्टातल्या टपाल लावायच्या खणांसारखं चालतं. पत्त्यावरून ठरतं की पत्र कुठल्या खणात टाकायचं. नंतर ते हवं असेल तर सगळं टपाल उपसावं लागत नाही, तो एक खण पाहिला की झालं. टेबलात ‘कुठला खण’ हे ठरवायचं काम हॅश फंक्शन करतं. ते की घेतं, म्हणजे ‘नाव’, ‘पिनकोड’, ‘मोबाइल’ असलं काहीतरी, आणि त्यातून एक आकडा काढतं. त्या आकड्यावरून कप्पा ठरतो. दोन वेगळ्या की एकाच कप्प्यात आल्या तर त्याला कोलिजन म्हणतात. मग त्या कप्प्यात रांग लागते आणि शोधताना रांगेतली एकेक की ताडून पाहावी लागते. चांगलं हॅश फंक्शन की सगळीकडे सारख्या पसरवतं, त्यामुळे रांगा दोन-तीनच्या पुढे सहसा जात नाहीत. टेबलाचा सगळा वेग या पसरण्यातून येतो.

पण कुणी हजारो की अशा हुडकून काढल्या की त्या सगळ्या एकाच कप्प्यात जातात, तर टेबल नावापुरतं उरतं आणि आत एक लांबलचक यादी तयार होते. नवी की घालतानाही ती आधीपासून आहे का ते बघावं लागतंच. म्हणजे प्रत्येक नवी की आधीच्या सगळ्यांशी ताडावी लागते.

अशा की शोधणं अवघड असेल, असं वाटतं. जावाचं उदाहरण घेऊ, कारण तिचं सूत्र जाहीर आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येतं. जावा स्ट्रिंगचा हॅश असा काढते: आतापर्यंत आलेला आकडा 31 ने गुणायचा, त्यात पुढच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक मिळवायचा, आणि हे शेवटच्या अक्षरापर्यंत करत जायचं. देवनागरीतच करून पाहू. युनिकोडमध्ये ‘य’चा क्रमांक 2351 आणि ‘श’चा 2358. म्हणून ‘यश’चा हॅश 2351 गुणिले 31 अधिक 2358, म्हणजे 75239. आता ‘रग’ घ्या. ‘र’ 2352, ‘ग’ 2327. 2352 गुणिले 31 अधिक 2327. उत्तर पुन्हा 75239. पहिलं अक्षर एका घराने पुढे गेलं म्हणून बेरजेत 31 वाढले, दुसरं 31 घरं मागे आलं म्हणून तेवढेच घटले. हिशेब जुळला.

खरी गंमत पुढे आहे. हे दोन तुकडे सारख्याच लांबीचे आणि सारख्याच हॅशचे असल्यामुळे लांब शब्दात कुठेही एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी हॅश बदलत नाही. ‘यशयश’, ‘यशरग’, ‘रगयश’, ‘रगरग’ या चारही शब्दांचा हॅश एकच. तीन तुकडे जोडले की आठ शब्द, दहा जोडले की 1024, पंधरा जोडले की 32,768. त्यासाठी ना मोठा संगणक लागतो, ना गणितातली पदवी. पाच-सात ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. इंग्रजी अक्षरांत हीच जोडी म्हणजे एकीकडे कॅपिटल ए आणि स्मॉल ए, दुसरीकडे दोन कॅपिटल बी. दोन्हींचा हॅश 2112. हल्ल्यासाठी हीच जोडी सोयीची, कारण फॉर्ममधून जाताना यातलं एकेक अक्षर एका बाइटचं असतं, तर देवनागरी अक्षर नऊ बाइटांचं होऊन जातं.

आता खर्च मांडू. पंधरा तुकड्यांची की 30 अक्षरांची. फॉर्ममध्ये तिच्यामागे बरोबरचं चिन्ह आणि पुढची की जोडणारं चिन्ह धरलं तर 32 बाइट. अशा 32,768 की म्हणजे एक एमबी. मोबाइलवर काढलेले फोटो यापेक्षा मोठे असतात. सर्व्हरच्या बाजूला काय होतं? पहिल्या कीला काही ताडावं लागत नाही, दुसरीला एकदा, तिसरीला दोनदा, आणि शेवटचीला 32,767 वेळा. बेरीज सुमारे 53 कोटी 68 लाख. तेवढ्याच साध्यासुध्या की असत्या तर काही हजार ताडण्यांत काम उरकलं असतं. आणि पाठवणाऱ्याने की दुप्पट केल्या तर सर्व्हरचं काम चौपट होतं.

यातली सर्वांत दुखरी बाजू अशी की हे सगळं तुमचा कोड सुरू होण्याच्या आधी घडतं. फॉर्म आला की त्यातली नावं सुटी करून टेबलात भरायचं काम वेब फ्रेमवर्क, म्हणजे साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते तो, स्वतःच करून ठेवतं. लॉगिन तपासायची पाळी त्यानंतर येते. त्यामुळे ‘आमच्या साइटला पासवर्ड आहे’ या गोष्टीचा इथे काडीचाही उपयोग होत नाही.

हे सगळं 2003 मध्येच लिहून ठेवलेलं होतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलॅक यांनी त्या वर्षी एक शोधनिबंध सादर केला. पर्ल भाषेची हॅश टेबलं आणि स्क्विड हा प्रॉक्सी (वापरणारा आणि वेबसाइट यांच्यामधला मध्यस्थ) सर्व्हर यांचा दुबळेपणा त्यात होताच, पण मन हलवून सोडणारा भाग ‘ब्रो’चा होता. ब्रो म्हणजे नेटवर्कवर पहारा ठेवून घुसखोरी ओळखणारी यंत्रणा. या दोघांनी डायल-अप मोडेमलाही जमेल इतक्या संथ गतीने निवडक पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे, तिच्याकडे सोडली. सहा मिनिटांनी ती यंत्रणा समोरून जाणारी 71 टक्क्यांपर्यंत वाहतूक न बघताच सोडून देत होती. पहारेकरीच आडवा झाला, तोही केवळ त्याच्या टेबलातला एक कप्पा फुगवून.

पर्लने त्याच वर्षी 5.8.1 या आवृत्तीत उपाय केला. पीएचपी, जावा, पायथन या भाषा आणि मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट हे वेब फ्रेमवर्क मात्र होत्या तिथेच राहिल्या, आणि त्यात आठ वर्षं गेली. डिसेंबर 2011 मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी या सगळ्यांवर तोच हल्ला दाखवला. त्यांचा अंदाज होता की एका गिगाबिट कनेक्शनवरून पीएचपी चालवणारे सुमारे 10,000 प्रोसेसर कोअर सतत गुंतवून ठेवता येतील. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता 29 डिसेंबरला पॅच, म्हणजे दोष दुरुस्त करणारा अपडेट, सोडला. वर्षअखेरीच्या सुट्टीत कित्येक सिस्टिम ॲडमिनना मशीनसमोर बसावं लागलं असेल. माहिती जगासमोर होती, फुकट होती, तरी आठ वर्षं कुणाला तिची निकड वाटली नाही, हे मला अजूनही खटकतं.

बचावाचे मार्ग तीन, आणि तिघांची ताकद सारखी नाही.

सगळ्यांत झटपट मार्ग म्हणजे मर्यादा. पीएचपीने जानेवारी 2012 मध्ये 5.3.9 आवृत्तीत ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ नावाची सेटिंग आणली. एका फॉर्ममधून हजारापेक्षा जास्त फील्ड घ्यायची नाहीत. हजार की एकाच कप्प्यात गेल्या तरी ताडण्या पाच लाखांच्या आत राहतात आणि सर्व्हरला ते कळतही नाही. उपाय चांगला, पण दरवाजा एकच बंद झाला. तोच डेटा फॉर्मऐवजी जेसन (JSON, डेटा मजकुराच्या रूपात मांडायची पद्धत) म्हणून आला तर ही मर्यादा त्याला लागू होत नाही. आज बहुतेक ॲप सर्व्हरशी जेसनमध्येच बोलतात, म्हणून तिथली मर्यादा तुम्हाला वेगळी घालावी लागते.

दुसरा मार्ग मुळाशी जातो. हल्लेखोर की आधीच शोधून ठेवू शकतो, कारण हॅश फंक्शन सगळ्यांना ठाऊक असतं. मग त्यात एक गुपित आकडा मिसळायचा. त्याला सीड म्हणतात. प्रोग्रॅम सुरू होताना तो यादृच्छिकपणे निवडायचा आणि कुणालाच सांगायचा नाही. आता कुठल्या की एका कप्प्यात जातील ते बाहेरून सांगता येत नाही. कागदावर हे पटतं. पण नुसतं गुपित मिसळून भागत नाही, ते कसं मिसळलंय यावर सगळं अवलंबून असतं. 2012 मध्ये जाँ-फिलिप ओमासों आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी दाखवलं की मर्मरहॅशसारख्या लोकप्रिय फंक्शनमध्ये सीड कुठलाही असला तरी एकमेकांवर आदळणाऱ्या की तयार करता येतात. सीड होता, गुपितही होता, पण निरुपयोगी होता. त्यांनी त्याच वर्षी सिपहॅश हे नवं फंक्शन मांडलं. 128 बिटांचं गुपित, आणि छोट्या स्ट्रिंगांवर टेबलात वापरण्याइतकं वेगवान. आज पायथन, रूबी, रस्ट आणि लिनक्स कर्नेल या सगळ्यांत ते आहे.

आणि गुपित खरोखर गुपित राहिलं पाहिजे. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड डॉट जेएसमध्ये 2017 साली जे उघडकीस आलं ते प्रत्येक डेव्हलपरने एकदा तरी वाचावं असं आहे. लवकर सुरू व्हावं म्हणून नोड आतल्या व्ही-एट या जावास्क्रिप्ट इंजिनाची आधी तयार केलेली एक प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, उचलून वापरत असे. सुरू होताना नवा सीड निवडला जायचा, पण लगेच स्नॅपशॉटमधला जुना सीड त्याच्यावर बसायचा. परिणामी नोडच्या एका आवृत्तीच्या जगभरातल्या सगळ्या प्रतींचा सीड एकच. सीड निवडणारा कोड वाचला तर सगळं ठीक दिसत होतं. चौथ्या आवृत्तीपासून आठव्यापर्यंत हा दोष होता.

तिसरा मार्ग जावाने धरला. स्ट्रिंगच्या हॅशचं 31 वालं सूत्र जावाच्या जाहीर दस्तऐवजात लिहिलेलं आहे आणि असंख्य प्रोग्रॅम त्यावर विसंबून आहेत, म्हणून ते बदलता येत नव्हतं. मग 2014 च्या जावा 8 मध्ये त्यांनी कप्प्याची आतली रचना बदलली. एका कप्प्यात आठाच्या वर की जमल्या आणि टेबल पुरेसं मोठं असलं की रांग मोडून तिथे रेड-ब्लॅक ट्री उभं राहतं. ते स्वतःचा तोल सांभाळणारं झाड आहे, त्यामुळे 32,768 की एका कप्प्यात कोंबल्या तरी एक शोधायला पंधरा-वीस ताडण्यांच्या आसपास काम होतं. 53 कोटींचा डोंगर काही लाखांवर येतो. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण इथे काहीच लपवून ठेवावं लागत नाही. हल्लेखोराला सगळं माहीत असलं तरी त्याच्या हाती फारसं लागत नाही. एक अट मात्र लक्षात ठेवायची: की म्हणून तुम्ही स्वतःचा क्लास वापरत असाल आणि त्यात लहान-मोठं ठरवायची सोय, म्हणजे कंपेअरेबल, नसेल तर झाडात कुठल्या बाजूला जायचं हे कळत नाही आणि फायदा जवळजवळ नाहीसा होतो.

सीडबद्दल आणखी एक गोष्ट, जी पायथन लिहिणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. पायथनमध्ये सीड स्ट्रिंगांना लागतो, पूर्णांकांना लागत नाही. पूर्णांकाचा हॅश म्हणजे त्याला 2 च्या 61 व्या घातातून एक वजा केलेल्या संख्येने भागून उरलेली बाकी. ती संख्या 2305843009213693951. म्हणजे तिचा, तिच्या दुपटीचा, तिपटीचा, सगळ्यांचा हॅश शून्य. बाहेरून आलेले आयडी तुम्ही पूर्णांकात बदलून सेटमध्ये किंवा डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या हॅश टेबलांत, टाकत असाल, तर सिपहॅशचं कवच तिथे नाही. त्यांना स्ट्रिंगच राहू द्या, किंवा आयडीची कमाल किंमत आधी तपासा. आपल्याकडचे जे विद्यार्थी कोडफोर्सेस या साइटवर प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धा खेळतात त्यांना याचाच सी-प्लस-प्लसमधला भाऊ माहीत असतो. तिथे दुसऱ्याचं उत्तर मोडायला मुद्दाम टेस्ट देता येते, आणि अनऑर्डर्ड मॅप, म्हणजे सी-प्लस-प्लसचं हॅश टेबल, वापरलेल्या उत्तरांवर 107897 किंवा 126271 च्या पटीतल्या संख्यांचा मारा होतो. जीसीसी या कंपायलरच्या त्या मॅपमध्ये कप्प्यांची संख्या वाढत जाताना नेमक्या या मूळ संख्यांवर येते.

हॅश टेबलाची गोष्ट लांबली, पण रोग त्याच्या एकट्याचा नाही. तोल न सांभाळणाऱ्या साध्या बायनरी सर्च ट्रीमध्ये (लहान डावीकडे, मोठं उजवीकडे ठेवणारं झाड) चढत्या क्रमाने लावलेल्या संख्या घातल्या की झाडाची काठी होते, आणि शोधणं पुन्हा लांब यादीइतकं संथ. त्यासाठी हल्लेखोरही लागत नाही, तारखेप्रमाणे लावलेली फाइल पुरते. क्विकसॉर्ट या क्रम लावायच्या पद्धतीला नेमकं अडचणीचं ठरेल असं इनपुट चालता चालता तयार करून देणारा प्रोग्रॅम डग मॅकिलरॉय यांनी 1999 मध्येच लिहून दाखवला होता. 2018 मध्ये फिनलंडच्या युहा-मॅटी टिली यांना लिनक्स कर्नेलमध्ये सेगमेंटस्मॅक नावाचा दोष सापडला. उलटसुलट क्रमाने आलेली टीसीपी पॅकेट ज्या रांगेत थांबवून ठेवतात, तिची साफसफाई हल्लेखोराला हवी तितकी महाग करता येत होती. सेकंदाला दोन हजारांपेक्षा कमी पॅकेटांत मशीन अडकू शकत होतं.

आणखी एक जात आहे, तिथे वेळेचा प्रश्न नसून विश्वासाचा आहे. डेटासोबत आलेली लांबी खरी आहे, आतले पॉइंटर (मेमरीतल्या दुसऱ्या जागेचे पत्ते) आपणच लिहिलेत, असं रचना धरून चालते. 7 एप्रिल 2014 ला जाहीर झालेला हार्टब्लीड हा याच जातीचा. पाठवणारा म्हणायचा, ‘मी 64 केबी पाठवलेत, तेवढेच परत दे,’ आणि प्रत्यक्षात पाठवायचा मोजके बाइट. सर्व्हरशी होणारं बोलणं सांकेतिक करणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी लांबी न पडताळता शेजारची मेमरी उचलून द्यायची, आणि त्यात पासवर्डही असू शकत. दुहेरी लिंक्ड लिस्टचंही तसंच, म्हणजे जिच्यातली प्रत्येक गाठ मागच्या-पुढच्या गाठीचा पत्ता ठेवते ती यादी. मधली गाठ काढताना आपण मागच्याला पुढच्याशी आणि पुढच्याला मागच्याशी जोडतो. त्या गाठीतले पॉइंटर कुणी ओव्हरफ्लोने, म्हणजे शेजारच्या जागेत मावेल त्यापेक्षा जास्त डेटा ओतून, बदलले असतील तर या जोडणीतून त्याला हव्या त्या जागी हवं ते लिहिलं जातं. मेमरी मॅनेजर मोकळे तुकडे अशाच लिस्टमध्ये ठेवत, म्हणून हल्ले तिथेच व्हायचे. 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 ने आणि लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीने एक छोटी तपासणी घातली: माझ्या पुढच्याचा मागचा मीच आहे ना? नसेन तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा. दोन तुलनांचं काम, पण हल्ल्याचा एक अख्खा प्रकार त्याने जेरीस आणला.

सर्व्हरचा कोड हाताखाली असेल तर सुरुवात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मर्यादा घालून करा: रिक्वेस्टमधला डेटा (बॉडी) किती मोठा, ‘की’ किती, जेसन किती पातळ्या खोल, एका रिक्वेस्टला किती वेळ. मग आपल्या भाषेची आवृत्ती बघा. कंटेनर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासह बांधलेलं गाठोडं) जुन्या इमेजवर बांधलेले असतात आणि पॅच झालेला दोष तिथे जिवंत असतो. स्वतःचं हॅश फंक्शन लिहायचा मोह टाळा. वेगासाठी एखादी बिनसीडची लायब्ररी घ्यायचीच असेल तर ती फक्त आतल्या डेटासाठी ठेवा, बाहेरच्यासाठी नको. आणि आपल्या टेस्टमध्ये एक वाईट इनपुट कायमचं ठेवा. जावा असेल तर वरच्या तुकड्यांपासून बनवलेल्या की, पायथन असेल तर त्या मोठ्या संख्येच्या पटी, स्वतःचं झाड असेल तर आधीच क्रमाने लावलेली यादी. आधी आठ हजार नोंदी घाला, मग सोळा हजार, मग बत्तीस हजार, आणि दरवेळी लागलेला वेळ लिहून घ्या. वेळ दर पायरीला साधारण दुप्पट होत असेल तर कोड पुढे जाऊ द्या. चौपट होत असेल तर रिलीज थांबवा आणि त्या टेबलात डेटा कुठून येतो ते आधी शोधा.